चिमूटभर किरण

मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या सत्तरीच्या एका आजींना विचारत होत्या, "आजी, दिवस गेलेत का?"

आजी अक्कलकोटच्या बाजूच्या. ओट्यावरून पडून बरगडीला मार लागलेला, म्हणून छातीचा फोटो काढायला आलेल्या. त्यांना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मॅडमनी तोच प्रश्न कन्नडमध्ये विचारला. मग आजी अशा काही हसायला लागल्या की दुखरी बरगडी धरून बाकावर बसल्या. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"हसून घ्या निवांत," त्या म्हणाल्या. "हसू थांबलं की फोटो. हललात तर परत काढावा लागतो, आणि परत काढलेलं मला आवडत नाही."

आजींचं हसू थांबेपर्यंत सगळा विभाग थांबून राहिला. त्या गेल्यावर मी भीत भीत म्हटलं, "मॅडम, सत्तरीच्या बाईला कशाला विचारायचं?"

"मी वय बघून विचारायला लागले, की उद्या तोंड बघून विचारायला लागेन. ही लग्नाची दिसते, ही दिसत नाही. मग एखादी सुटणार. सगळ्यांनाच विचारलं की कुणी सुटत नाही आणि कुणाला लाजही वाटत नाही."

मी तेव्हा टेंभुर्णीहून नुकतीच सोलापुरात आले होते. डॉक्टर झाले होते आणि क्ष-किरणशास्त्र शिकायचं म्हणून एका मोठ्या रुग्णालयात त्यांच्या हाताखाली लागले होते. तिथं सगळ्यात आधी सूचना मिळाली ती अशी: मॅडमसमोर शिशाचा एप्रन कधीही घडी घालून ठेवायचा नाही. घडी घातली की आतलं शिसं तडकतं आणि तडकलेल्या फटीतून किरण आत येतात. असा एक तडकलेला एप्रन घेऊन त्या एकदा सरळ रुग्णालयाच्या मुख्य सरांच्या केबिनमध्ये गेल्या होत्या म्हणे, आणि नवीन एप्रनची मागणी तोंडी न करता तोच त्यांच्या गळ्यात घालून बाहेर आल्या होत्या. नवे एप्रन आठवड्याच्या आत आले.

मॅडमचं घर शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांचं, तेलुगू बोलणारं. वडील पॉवरलूमवर. लहानपण मागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं आवाज मोठा. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी उर्दू, आणि कन्नड पेशंटांकडून शिकलेली. सीटी स्कॅनचं मशीन अडलं की त्या त्याला या चारही भाषांत आळीपाळीनं झापायच्या. "का बे, झोपलास का?" असं एकदा दखनीच्या सुरात म्हटलं की मशीन सुरू व्हायचं, असं आमचे तंत्रज्ञ शपथेवर सांगत. फोटो वाचायच्या अंधाऱ्या खोलीत त्यांच्यासमोर कायम कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडाकड तुकडा मोडायचा, एक फोटो बघायचा, निदान सांगायचं, पुढचा तुकडा. अवघड फोटो आला की चावणं थांबायचं. आम्ही शिकाऊ मंडळी कानानंच ओळखायचो, की काहीतरी गंभीर आहे.

लहान पोरांच्या डोक्याचा स्कॅन म्हटला की त्या कुणाशीही भांडायला तयार. पोरांसाठी त्यांनी मशीनवर किरणांची मात्रा वेगळी, कितीतरी कमी लावून घेतली होती. कंपनीचा इंजिनिअर कुरकुरला, "मॅडम, चित्र दाणेदार येईल."

"येऊ दे की. मला काय ते चौकट करून भिंतीला लावायचंय? रक्त आहे का नाही एवढंच बघायचंय. पोराचा मेंदू अजून घडालाय. घडत्या वस्तूवर कमीत कमी हात लावावा."

नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानदाराचं दीड वर्षाचं पोरगं एकदा गादीवरून खाली पडलं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. बाप पोराला खांद्यावर टाकून धावत आला आणि म्हणाला, मोठ्यातला मोठा स्कॅन काढा. मॅडमनी लहान मुलांच्या डॉक्टरांना बोलावलं. दोघांनी पोराला तपासलं. उलटी नाही, गुंगी नाही, डोळे स्वच्छ.

"स्कॅन नको," मॅडम म्हणाल्या. "याला माझ्यासमोर बसवा. संध्याकाळपर्यंत मी बघते. जरा जरी वेगळं वाटलं तर तत्काळ काढू."

बाप चिडला. पण पोरगं खुशीत होतं. त्यानं मॅडमच्या टेबलावरची पेनं खाली टाकली, भाकरीचा तुकडा चोखला, चटणी लागल्यावर रडलं, पाणी प्यायलं आणि परत पेनांकडे वळलं. दिवस कलताना मॅडम म्हणाल्या, "घेऊन जा आता. पोरगं ठीक आहे, पेनं माझी मोडलीत." त्यानंतर त्या दुकानदाराच्या भावकीतलं एकही पोर मॅडमना विचारल्याशिवाय कुठल्या मशीनखाली गेलं नाही.

अशा या बाईच्या आयुष्यात, जिनं कधी कुणाला तो प्रश्न विचारायचा सोडला नाही, एक दिवस असा आला की विचारायला समोरचं माणूस शुद्धीवर नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, भर दुपारी सारिकाला आणलं. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या गावची, मेंढपाळाच्या घरातली सून. पिकं निघाल्यावर मेंढरं घेऊन ही माणसं मोहोळच्या बाजूला रानात उतरली होती. रस्ता ओलांडताना एका टेम्पोनं तिला उडवलं. नाडी लागत नव्हती म्हणावी इतकी बारीक, पोट फुगत चाललेलं. नवरा बिरू मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून मागून येत होता. मॅडमनी त्याला फोनवर विचारलं, "बायकोला दिवस गेलेत का?"

"न्हाय बाई. तसलं काय न्हाय. लई वर्सं झाली, काय न्हाय."

लघवीची तपासणी करायलाही सवड नव्हती. रक्त कुठून जातंय हे कळल्याशिवाय सर्जन पोट उघडायला तयार नव्हते. मॅडमनी एक क्षण डोळे मिटले आणि म्हणाल्या, "घ्या आत." डोकं, पोट, कंबर, सगळ्याचे स्कॅन आणि फोटो झाले. प्लीहा फाटली होती. तिथून तिला थेट शस्त्रक्रियेला नेलं, आणि ती जगली.

काही दिवसांनी पोटात पाणी साठलंय का बघायला मॅडम तिची सोनोग्राफी करत होत्या. मी शेजारी उभी होते. हात फिरता फिरता खाली गेला आणि थांबला. पडद्यावर काळ्या पोकळीत एक लहानसा जीव होता आणि त्याचं काळीज लुकलुकत होतं. मॅडमनी मापं घेतली. परत घेतली. सारिकाची पाळी पहिल्यापासून अनियमित, त्यामुळं तिला स्वतःलाही पत्ता नव्हता. मापांवरून सरळ दिसत होतं, की अपघाताच्या दिवशी गर्भ दहा आठवड्यांच्या आसपास होता.

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "नेमके हेच आठवडे. मेंदूच्या पेशी आत जन्मतात आणि एकेक करून चालत आपापल्या जागी जाऊन बसतात. आमच्याकडं मागावर ताण्याचे उभे धागे लावतात ना, तसं. एक धागा चुकला तर शेवटपर्यंत कापडात दिसतो."

"मग आपण चुकलो का, मॅडम?"

"नाही. परत तशीच आली तर परत स्कॅन काढीन. आई राहिली तर पोर."

बातमी वॉर्डात माझ्या आधी पोचली. स्त्रीरोग विभागाचे मोठे सर आले. अर्ध्या सोलापूरला त्यांनी जन्माला घातलंय असं लोक म्हणत, इतका त्यांचा हात नामांकित. त्यांनी कागद बघितले आणि घरच्यांना शांतपणे सांगितलं, की मेंदू घडायच्या ऐन काळात पोटावरून किरण गेलेत, मूल मतिमंद होण्याची भीती आहे, गर्भपात करून मोकळं झालेलं बरं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या काळात बहुतेक डॉक्टर हेच सांगत, आजही पुष्कळ सांगतात.

मॅडमनी मशीननं नोंदवलेले आकडे काढले आणि गर्भाला नेमकी किती मात्रा पोचली असेल ते मांडत बसल्या. किरणांचं गणित करणाऱ्या एका भौतिकशास्त्रज्ञांना फोन लावून ते तपासून घेतलं. मग मला म्हणाल्या, "चल."

वॉर्डात सारिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासू जमिनीवर बसलेली, बिरू पायथ्याशी उभा. मॅडम सासूच्या शेजारी खाली फरशीवरच बसल्या.

"बाई, आमी अडानी," सासू म्हणाली. "पन लाईट पोटातनं आरपार गेली म्हनत्यात. पोर येडं निपजलं तर बगायचं कुनी? रानोमाळ फिरनारी मानसं आमी. तितं मेंढरू चुकलं तर घावत न्हाय, असलं पोर कसं सांबाळायचं?"

"मावशी, आमटीत मीठ किती घालता?"

सासूनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. "घालतो की. चिमूटभर."

"आणि मूठभर पडलं तर?"

"वतून द्यायची. कुत्रं बी त्वांड लावत न्हाय."

"हिच्या पोटाला लागलं ते चिमटीतलं. मूठभर किरणांनी पोटातल्या पोराचा मेंदू बिघडतो, हे खरं आहे. मोठे सर खोटं सांगत नाहीत. पण ती मूठ वेगळी. आपण तिच्या जवळपाससुद्धा गेलो नाही. मी सगळं मोजून आलेय."

"मग पोर ठनठनीत हुईल असं सांगा."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकाही मान वर करून ऐकत होत्या. मला वाटलं, एकदा 'होईल' म्हणाल्या की झालं.

"ते नाही सांगणार," मॅडम म्हणाल्या. "कुठल्याच पोराचं कुणी सांगू शकत नाही. जिनं जन्मात एक्स-रे बघितला नाही तिच्याही पोटी कधी अधू पोर येतं. मी एवढंच सांगते, की या फोटोंमुळं मेंदूचा धोका वाढलेला नाही. पुढं मोठेपणी एखाद्या आजाराची शक्यता केसभर वाढत असेल, तेही लपवत नाही. पण केसभरच."

सासूनं खाटेवरच्या सुनेकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमची सून असती तर काय केलं असतं?"

"सुनेलाच विचारलं असतं. तुम्ही हिला विचारलंत का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मोठ्या सरांनी नाही, नवऱ्यानं नाही. सारिका हळूहळू कुशीवर वळली. टाके दुखत होते, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मला ठिवायचंय," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "लगीन झाल्यापास्नं वाट बगतिया मी. गाडीनं उडवलं, पोट फाडलं, तरी त्ये सुटलं न्हाय. त्यानं मला धरलंय की. मग मी का सोडू?"

बिरूनं मान खाली घातली. "ठिवू या, आये," तो म्हणाला. सासूनं पदरानं डोळे पुसले आणि मॅडमना म्हणाली, "उटा आता. फरशी गार हाय."

मोठ्या सरांनी बाहेर मॅडमना गाठलं. "धाडस करताय तुम्ही. जन्मल्याबरोबर काही कळत नाही. पोर चालायला, बोलायला लागून चांगलं तीन वर्षांचं झालं की मग कळतं. तोवर ही टांगती तलवार तुमच्या डोक्यावर."

"थांबू की तीन वर्षं. तुम्हीही थांबा माझ्याबरोबर."

पुढच्या महिन्यांत मला मॅडमची एक वेगळी बाजू दिसली. सारिकाच्या प्रत्येक सोनोग्राफीला त्या स्वतः बसायच्या, बाळाच्या डोक्याचं माप दोनदा घ्यायच्या, आणि तिच्यासमोर अगदी सहज, "छान आहे, जा, मेंढरं बघ जा," असं म्हणायच्या. एकदा ती गेल्यावर मी खोलीत डोकावले तर अंधारात बसल्या होत्या. समोरची भाकरी तशीच.

"काही चुकलंय का, मॅडम?"

"काही नाही. गणित बरोबर आहे. पण गणिताची छाती धडधडत नाही, माझी धडधडते."

दसऱ्याच्या आसपास मुलगी झाली. जन्मताच रडली, आणि असं रडली की दोन वॉर्ड पलीकडं ऐकू गेलं. प्रसूतीच्या बाजूला कधी न फिरकणाऱ्या मॅडम पर्समधून मापाची फीत काढत आत शिरल्या. बाळाच्या डोक्याभोवती फीत फिरवली, आकडा बघितला, "बरोबर," एवढंच म्हणाल्या आणि निघून आल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःचा डबा संपवला आणि मग माझाही खाल्ला.

मुलीचं नाव गौरी ठेवलं. आणि मग आमचं मेंढरांच्या मागं फिरणं सुरू झालं. कळप आज या रानात, पंधरा दिवसांनी त्या. मॅडम बिरूला फोन करायच्या, "कुठं उतरलाय?" आणि सुट्टीच्या दिवशी आपली लहान गाडी घेऊन पाणंदीत घालायच्या. गाडीच्या चारी बाजूंनी मेंढरं, मध्ये हॉर्न न वाजवता बसलेल्या मॅडम, असं दृश्य मी कितीदा तरी पाहिलं. मान धरली का, कुशीवर वळते का, बसते का, हाकेला बघते का, सगळं त्या तपासायच्या. पोरगी सगळं वेळच्या वेळी करत होती. चालायला तर ती कळपातल्या शेळ्यांच्या करडांबरोबर स्पर्धा लावल्यासारखी लवकर लागली.

अडचण आली ती बोलण्याची. पहिला शब्द म्हणून गौरी 'आई' म्हणाली नाही, 'आज्जी'ही नाही. हात वर करून म्हणाली, "हुर्रर्र." आणि चार मेंढरं खरोखरच वळली. हा शब्द धरायचा की नाही यावर मॅडम परतीच्या वाटेवर विचार करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अर्थ आहे, उपयोग आहे, आणि ऐकणारा ऐकतो. शब्दच की."

ती तीन वर्षांची झाली त्या आठवड्यात मॅडम मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "चला. मुदत संपली." सर विसरले नव्हते. ते मुकाट उठले आणि गाडीत बसले.

रानात गौरी एक करडू काखेत धरून उभी होती. करडू तिच्यापेक्षा फार लहान नव्हतं.

"ह्यास्नी नमस्कार कर," सारिका म्हणाली.

गौरीनं सरांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी कोन?"

"मी डॉक्टर आहे."

"आमी कुनी आजारी न्हाय हितं," गौरी म्हणाली. मग करडाकडं बघून, "ह्यो लंगडतुया. पन ह्याला सुई नगं. काटा मी काडलाय."

मॅडम सरांकडे वळून बघत नव्हत्या. त्या आभाळाकडे बघत होत्या, पण ओठ दाबून धरलेले. सर गुडघ्यावर बसले. त्यांनी करडाचा पाय हातात घेतला, नीट बघितला आणि म्हणाले, "काटा पूर्ण निघालाय. चांगलं काम केलंस." मग तिथंच मातीत बसून राहिले. सारिकानं चहा आणला तेव्हा तोही त्यांनी तिथंच, मातीत बसूनच घेतला.

पुढं डॉक्टरांच्या एका बैठकीत ते आपणहून उठले आणि सगळी हकीकत सांगितली. "माझं ऐकलं असतं तर ही पोरगी नसती," ते म्हणाले. "यापुढं गरोदर बाईचा एक्स-रे झाला म्हणून कुणाला मोकळं व्हायला सांगायच्या आधी मॅडमना एक फोन करा." एवढ्या मोठ्या माणसानं भर सभेत असं बोलणं सोपं नाही. मॅडमनी उभं राहून त्यांना हात जोडले.

आणि फोन यायला लागले. मोहोळहून, टेंभुर्णीहून, अक्कलकोटहून. कुणा शिक्षिकेनं दाढेचा फोटो काढलाय, मग कळलं दिवस आहेत. कुणी हाताला प्लास्टर घालताना. कुणाची कंबर. मॅडम विचारायच्या, कुठला फोटो, कुठल्या भागाचा, कितवा आठवडा. मांडून बघायच्या आणि बहुतेकदा म्हणायच्या, "चिमूटसुद्धा नाही. द्या फोन तिच्याकडं." मग त्या बाईच्या भाषेत, मराठीत, कन्नडमध्ये, दखनीत, तिच्याशी बोलत राहायच्या. एका फोनवर मात्र त्यांनी तेच आकडे परत परत विचारून घेतले. ती कर्करोगाच्या किरणोपचाराची गोष्ट होती, आणि तिथं त्यांनी मोठ्या सरांनाच शेजारी बसवून घेतलं. मूठ असेल तिथं मूठ म्हणायला त्या कचरल्या नाहीत, म्हणूनच त्यांच्या चिमटीवर लोकांचा भरवसा बसला. त्या फोनांतून पुढं किती पोरं जन्माला आली ते कुणी मोजलं नाही. पण सोलापुरात मॅडमबरोबर बाजारात गेलं, की कुणीतरी बाई गर्दीतून आडवी येते, एखादं पोर पुढं ढकलते आणि म्हणते, "हीच की ती, मॅडम."

आता मॅडम निवृत्त झाल्यात. गौरी गावात आजीपाशी राहून शाळेत जाते. गेल्या संक्रांतीला, सारिकाही सणाला गावी आलेली असताना, आम्ही दोघी गौरीकडे गेलो होतो. अंगणातल्या फरशीवर तिनं कोळशानं वाघ-बकरीचा पट आखलेला. वाघानं बकऱ्या खायच्या, नाहीतर बकऱ्यांनी चारी बाजूंनी वाघाला कोंडायचं, असा तो खेळ.

"खेळता का?" तिनं मॅडमना विचारलं. "तुमी वाघ घ्या. नवख्या मानसाला वाघ सोपा."

मॅडमनी चष्मा नीट केला आणि मांडी घालून बसल्या. सुरुवातीला त्यांनी धडाधड बकऱ्या मारल्या. मग हळूहळू त्यांची बोटं थांबायला लागली. गौरी एकेक खडा सरकवत होती. शेवटी म्हणाली, "बाई, तुमचा वाघ कोंडून बसला की."

मॅडमनी पट खूप वेळ न्याहाळला. "परत," त्या म्हणाल्या. दुसऱ्या डावातही तेच झालं.

"गौरे, एकांदा जितू दे की बाईस्नी," आतून सारिका म्हणाली.

"का म्हून? मन लावून खेळाया काय हुतंय त्यास्नी?"

"बरोबर आहे तिचं," मॅडम म्हणाल्या.

परतताना गाडी मी चालवत होते आणि त्या मांडीवर बोटांनी खडे सरकवल्यासारखं करत होत्या. भीमेचा पूल ओलांडला तेव्हा मला म्हणाल्या, "दुसऱ्या डावात तिनं ती कोपऱ्यातली बकरी मुद्दाम दिली. माझा वाघ तिकडं यावा म्हणून. तुझ्या लक्षात आलं होतं?"

"नाही, मॅडम."

"माझ्या आलं, पण उशिरा. केवढं पुढचं बघत होती गं ती." आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला गाडी कडेला घ्यावी लागली. चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी मला बजावलं, "येत्या रविवारी परत यायचं. या वेळी बकऱ्या मी घेणार."